क्रॉसिंगचं अपग्रेड: दिवे रस्त्यावर दिसतात, खरा बदल केबिनच्या आत होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका उपनगरात घराजवळच रेल्वे क्रॉसिंग आहे. प्रवासी गाडी असेल तर दिवे लागल्यापासून अर्ध्या मिनिटात ती समोरून जाते. मालगाडी असली की दोन-दोन मिनिटं दांडा आडवा आणि गाडीचा पत्ता नाही. मग वैतागलेले लोक समोरच्या लेनमध्ये शिरून दांड्याला वळसा घालतात. आता तिथे मोठे एलईडी दिवे, नवी गेटं आणि शेजारी सिग्नलची यंत्रं ठेवायची नवी पोलादी केबिन असं काम सुरू झालंय. त्याने नक्की काय सुधारणार? नुसते मोठे दिवे लावून भागलं नसतं का?

नसतं भागलं. क्रॉसिंगच्या सिग्नलचं काम हा माझा रोजचा धंदा आहे, आणि तुमच्या प्रश्नात मला दिव्यांपेक्षा ती दोन मिनिटं जास्त खुपली. ‘लाल लागला तरी गाडी इतक्यात येत नाही’ हे एकदा लोकांच्या अंगवळणी पडलं, की दिवे कितीही झगझगीत असले तरी त्यांना कोणी विचारत नाही. वळसा घालणारा माणूस सहसा बेफिकीर नसतो. त्या क्रॉसिंगवरून तो रोज जातो, त्याने आपला अंदाज बांधलेला असतो आणि तो अंदाज बहुतेक दिवशी बरोबरही निघतो. चुकतो तो ज्या दिवशी मालगाडीऐवजी जलद गाडी येते तेव्हा. म्हणून अपग्रेडचं पहिलं काम हा अंदाज बांधायला जागाच न ठेवणं: गाडी कुठलीही असो, दिवे लागल्यापासून ती साधारण तेवढ्याच वेळात यायला हवी.

आता दोन मिनिटं लागतात का, ते बघू. जुन्या पद्धतीत रुळांमध्येच एक साधं विद्युत सर्किट असतं. दोन्ही रुळांतून बारीक प्रवाह सोडलेला असतो आणि त्याच्यावर एक रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, उचललेल्या अवस्थेत राहतो. गाडीची चाकं आणि त्यांना जोडणारा अ‍ॅक्सल आला की दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात, प्रवाह तिथूनच परततो, रिले खाली पडतो आणि दिवे सुरू होतात. यातली खुबी अशी की वायर तुटली, रूळ मोडला, बॅटरी उतरली, काहीही झालं तरी रिले पडतो, दिवे लागतात आणि रस्ता बंदच होतो. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, ही या सगळ्या यंत्रणेची बाराखडी.

पण या सर्किटला गाडी ‘आहे’ एवढंच कळतं, तिचा वेग कळत नाही. त्यामुळे त्याची लांबी त्या मार्गावरच्या सर्वांत जलद गाडीसाठी ठरवावी लागते. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. तीस सेकंदांची सूचना हवी तर सर्किट २,६४० फुटांचं, म्हणजे बरोबर अर्ध्या मैलाचं. त्याच अर्ध्या मैलात मालगाडी ताशी १५ मैलांनी शिरली तर तिला १२० सेकंद लागतात. ही तुमची दोन मिनिटं. ती गाडी मध्येच डबे जोडायला थांबली तर मग विचारूच नका.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर जुनी यंत्रणाही नियमात बसते. केंद्रीय रेल्वे प्रशासनाच्या नियमांत किमान सूचना २० सेकंदांची आहे. दिवे लागल्यावर निदान ३ सेकंदांनी दांडा खाली यायला लागावा आणि गाडी पोचायच्या निदान ५ सेकंद आधी तो पूर्ण आडवा असावा, हेही त्यातच आहे. हे सगळे आकडे किमान मर्यादेचे. कमाल वेळ तिथे बांधून दिलेला नाही, त्यामुळे दोन मिनिटं थांबवणारं क्रॉसिंग तपासणीत बिनदिक्कत पास होतं आणि रस्त्यावर मात्र रोज थोडं थोडं नापास होत राहतं.

नव्या केबिनमध्ये बहुधा जे येणार आहे त्याला आमच्यात प्रेडिक्टर म्हणतात. तो रुळांत ठरावीक ऑडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडतो. दूरच्या टोकाला दोन रुळांमध्ये त्याच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला एक जोड, म्हणजे शंट, बसवलेला असतो. म्हणजे केबिन, रूळ आणि शंट मिळून एक लांबलचक वेटोळं तयार होतं, आणि त्याचा एकूण अडथळा यंत्राला माहीत असतो. गाडी आत शिरली की तिचा पहिला अ‍ॅक्सल दोन्ही रूळ मधेच जोडून हे वेटोळं आखूड करतो. गाडी जशी जवळ येते तसा अडथळा कमी होत जातो. किती कमी झाला यावरून अंतर कळतं आणि किती भराभर कमी होतोय यावरून वेग. अंतराला वेगाने भागलं की उरलेला वेळ. तो ठरवलेल्या सेकंदांवर आला की दिवे लागतात. ताशी १५ मैलांची मालगाडी आत शिरल्यावर बराच वेळ दांडा उभाच राहील. सवय नसलेल्या माणसाला सुरुवातीला ते बघून धडकी भरते, कारण लांबवर इंजिन दिसतंय आणि दिवे शांत! आत शिरलेली गाडी मध्येच थांबली तर अडथळा बदलायचा थांबतो आणि यंत्र रस्ता मोकळा करू शकतं. ती पुन्हा हलली की पुन्हा बंद.

या यंत्राचं एक दुखणं मात्र आहे. गाडी याच वेगाने येत राहील असं ते धरून चालतं. हिशेब झाल्यावर चालकाने वेग वाढवला तर रस्त्याला मिळणारे सेकंद घटतात. म्हणून क्रॉसिंगच्या अलीकडे थांबलेल्या किंवा हळू झालेल्या गाडीने लगेच जोर धरू नये, अशा सूचना रेल्वे आपल्या चालकांना देतात, आणि स्टेशन अगदी क्रॉसिंगला खेटून असेल तर डिझाइनच वेगळं करावं लागतं. तुमच्याकडे प्लॅटफॉर्म जवळ असेल तर ‘प्रेडिक्टर बसवला तरी प्रवासी गाडी थांबलेली असताना दांडा पडलेलाच का?’ असा पुढचा प्रश्न येईल. त्याचं उत्तर बहुतेक यातच असतं.

दुसरं, हे सगळं चाकाचा आणि रुळाचा धातू नीट एकमेकांना लागण्यावर अवलंबून आहे. जिथे आठवड्यातून एखादी गाडी जाते तिथे रुळावर गंज चढतो. पानगळीत पानांचा चिकट थर बसतो. हलक्या, छोट्या गाड्यांचं वजन हा थर फोडायला पुरत नाही, आणि गाडी असूनही यंत्राला ती ‘दिसत’ नाही. याच्या उलट, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळलेल्या बर्फाबरोबर खडीत झिरपतं, दोन रुळांमधून प्रवाह गळायला लागतो आणि गाडी नसताना दिवे लागतात. तुमच्याकडे हिवाळ्यातच दिवे खोटे लागण्याच्या तक्रारी येत असतील तर दोष केबिनमधल्या यंत्रात शोधण्याआधी खडी बघायला हवी. चांगल्या अपग्रेडमध्ये म्हणूनच रस्त्याखालची कुजलेली खडी काढून निचरा सुधारणं आणि पृष्ठभागाचे नवे काँक्रीटचे पॅनेल बसवणं हेही असतं. कंत्राटात हा भाग कापला गेला असेल तर मला काळजी वाटेल. नवं यंत्र जुन्या चिखलात बसवून काय होणार?

तपासणी कशी होते ते एकदा बघण्यासारखं आहे. मेंटेनर, म्हणजे सिग्नलची देखभाल करणारा रेल्वेचा माणूस, हातात एक जाड वायर घेऊन रुळावर बसतो. तिच्या दोन्ही टोकांना पकड आणि मध्ये ०.०६ ओहमचा रोध असतो. रुळाचा चकाकणारा माथा पुसून तो एक पकड या रुळाला आणि दुसरी त्या रुळाला लावतो. एवढ्या रोधाचा जोड सर्किटने ओळखलाच पाहिजे, असा नियम आहे. केबिनमधला दुसरा माणूस आकडा वाचतो, ओरडून सांगतो, मग दोघं पुढच्या जागेवर जातात. सगळ्यात शेवटी खऱ्या गाडीवर घड्याळ लावतात. संगणकाने कितीही सेकंद दाखवले तरी दिवा लागल्यापासून इंजिन रस्त्यावर येईपर्यंत घड्याळात भरतात तेच खरे.

आता दिव्यांकडे येतो. जुन्या दिव्यात साधारण १० व्होल्ट आणि १८ वॉटचा बल्ब असायचा. एवढा अशक्त बल्ब का? वीज गेल्यावर सगळं बॅटरीवर चालवायचं असतं म्हणून. त्या इवल्याशा प्रकाशाला आरसा आणि लेन्स लावून एक अरुंद झोत करायचा आणि तो नेमका येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे वळवायचा. झोत थोडा सरकला, ट्रकचा धक्का लागून खांब जरासा फिरला, की दिवा चालू असूनही फिका दिसतो. एलईडीने ही डोकेदुखी बरीच कमी केली: रुंद कोनातून दिसतो, वीज कमी खातो, बॅटरी उतरत आली तरी प्रकाश चटकन मंदावत नाही. आकारही आता सर्रास १२ इंची असतो. मिनिटाला ३५ ते ६५ वेळा आळीपाळीने लुकलुकण्याचा नियम मात्र जुनाच आहे. एक गोम आहे तेवढी. बल्बच्या उष्णतेने लेन्सवरचं बर्फ वितळायचं, एलईडी थंड असतो, त्यामुळे ओलं बर्फ वाऱ्याने चिकटलं की तसंच राहतं. बर्फाच्या प्रदेशात दिव्यावरच्या टोपीचा आकार आणि लेन्सचा प्रकार यांवर म्हणूनच वाद झडतात.

गेटची यंत्रणा लोकांना वाटते त्याच्या उलटी आहे. दांडा वर धरून ठेवायला वीज लागते. वीज तोडली की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. मागे लावलेली वजनं आणि दांड्याचं वजन यांचा तोल थोडा खालच्या बाजूला झुकता ठेवलेला असतो. दांड्याची लांबी बदलली, बर्फ साचलं किंवा दिव्यांचा संच बदलला की हा तोल पुन्हा बसवावा लागतो. दांडा मुळाशी मुद्दाम कमकुवत जोडलेला असतो. तुम्ही कधी दोन दांड्यांच्या मध्ये अडकलात तर सरळ गाडी घालून तो मोडा. मोडलेला दांडा बदलणं हे आमचं नेहमीचंच काम आहे.

वळसा घालणाऱ्यांवर खरा उपाय दोन प्रकारचा. पहिला स्वस्त आणि माझ्या मते फार कमी वापरला जाणारा: दोन्ही दिशांच्या मध्ये उंच दुभाजक. दांड्यापासून १०० फूट दुभाजक असला, आणि जवळ चौक असल्यामुळे जागा नसेल तर निदान ६० फूट, तर समोरच्या लेनमध्ये शिरायला वावच राहत नाही. दुसरा, चारही कोपऱ्यांवर गेटं. यात रुळांवरून बाहेर पडायच्या बाजूलाही दांडा असतो, म्हणून कोणी मध्ये कोंडलं जाऊ नये याची सोय करावी लागते: बाहेरचा दांडा उशिरा पडतो, जमिनीत पुरलेली तारेची वेटोळी आत वाहन आहे का ते पाहतात, आणि वीज गेली तर आत शिरायच्या बाजूचा दांडा खाली पडतो पण बाहेरचा वर जातो. उत्तर कॅरोलायनात शार्लट शहरातल्या शुगर क्रीक रोडवर १९९०च्या दशकात हे प्रयोग झाले. नुसत्या चार गेटांनी नियम मोडणं ८६ टक्क्यांनी घटलं आणि दुभाजकाची जोड दिल्यावर ९८ टक्क्यांनी. तुमच्या नकाशात दुभाजक आहे का ते विचारा. नसेल तर दुकानांच्या फाटकांसमोर दुभाजक नको म्हणून कोणी तरी हरकत घेतली असण्याची शक्यता मोठी.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जी मी आधी तपासली असती: क्रॉसिंगपासून चौकाचा ट्रॅफिक सिग्नल किती लांब आहे? जवळ असेल तर त्या लाल दिव्याला थांबलेल्या वाहनांची रांग रुळांवर येते. म्हणून रेल्वेची केबिन आणि चौकातला कंट्रोलर तारेने जोडलेले असतात. गाडी येतेय असं कळलं की चौकाने सिग्नलचा चालू असलेला फेरा सोडून रुळांवरच्या रांगेला हिरवा द्यायचा. २५ ऑक्टोबर १९९५ला इलिनॉयमधल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्हला हीच जोडणी होती. शाळेची बस लाल दिव्याला थांबली होती. रूळ आणि थांबायची रेषा यांमधली जागा बसपेक्षा आखूड होती, त्यामुळे तिचा मागचा भाग रुळांवर राहिला. चौकाचा हिरवा दिवा लागायला आणि बस निघायला हवा तेवढा वेळच उरला नव्हता, आणि गाडीने मागचा भाग उडवला. सात विद्यार्थी गेले. तारा जोडलेल्या होत्या, दिवे लागत होते, दोन्ही बाजूंची यंत्रं आपापल्या जागी चालू होती. पण रेल्वेची सूचना किती सेकंदांची आणि चौकाला प्रत्यक्षात किती लागतात, हा मेळ दोन खात्यांनी एकत्र बसून घातलेला नव्हता.

हे आजही घडू शकतं, आणि फार साध्या कारणाने. समजा नगरपालिकेने चौकात पादचाऱ्यांसाठी वेळ वाढवली. चांगलंच काम केलं. पण आता चालू फेरा संपवायला जास्त सेकंद लागतात आणि रेल्वेकडून मिळणारे सेकंद तेवढेच आहेत. प्रेडिक्टर बसवल्यावर तर हे आणखी नाजूक होतं. जुन्या सर्किटवर हळू गाडीच्या वेळी चौकाला दोन मिनिटं फुकट मिळत होती; आता प्रत्येक गाडीला मोजून तेवढीच मिळणार. म्हणून चौकाला गेटाच्या आधीच काही सेकंद इशारा पाठवतात. त्यातही एक सापळा आहे. चौकाचा हिरवा लवकर येऊन संपला आणि दांडा त्यानंतर पडला, तर मधल्या काळात नवी वाहनं रुळांवर येऊन थांबू शकतात. म्हणून दांडा प्रत्यक्ष आडवा झाल्याचा संदेश आल्याशिवाय तो हिरवा सोडायचा नाही, अशी जोडणी आता करतात. तुमच्या कामात ती आहे की नाही, हे विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर द्यायला रेल्वे आणि रस्ते खातं दोघांचीही माणसं एका टेबलाशी आली, तर अर्धं काम तिथेच झालं समजा.

बाकीच्या गोष्टी पटकन. केबिनमधल्या बॅटऱ्यांनी काही तास तरी सगळं चालवायला हवं. केबिनच्या बाहेर एक छोटा दिवा असतो, तो विझलेला असला म्हणजे बाहेरची वीज गेली आहे, आणि जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे चालक ते कळवतात. गेटं, दिवे आणि बॅटऱ्या दर महिन्याला तपासल्या जातात, सूचनेचे सेकंद वर्षातून एकदा मोजतात, रिले चार वर्षांनी. नव्या यंत्रात प्रत्येक घटनेची सेकंदानिशी नोंद राहते, त्यामुळे ‘दिवे लागलेच नव्हते’ आणि ‘लागले होते’ हा जुना वाद आता नोंद काढून सुटतो. मागच्या दाराने येणारा फायदा, पण मला तो फार मोठा वाटतो.

शिटीबद्दलही विचारणा होणारच. नवी गेटं लागली म्हणून शिटी आपोआप बंद होत नाही. चालकाने १५ ते २० सेकंद आधी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिटी द्यायची, असा नियम आहे. ती थांबवायची तर स्थानिक प्रशासनाने शांतता क्षेत्र ठरवून घ्यावं लागतं, आणि २००५पासून त्याची वेगळी प्रक्रिया आहे. चार गेटं किंवा दुभाजक असला तर ते पुष्कळ सोपं जातं.

यंत्राने न सुटणारे प्रश्नही असतात. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीला मार्च २०१७मध्ये एक प्रवासी बस उंचवट्याच्या क्रॉसिंगवर पोटावर टेकून अडकली आणि मालगाडीने तिला धडक दिली. तिथे दिवे आणि गेटं दोन्ही होती. अशा ठिकाणी रस्त्याची पातळीच बदलावी लागते किंवा क्रॉसिंग बंद करावं लागतं. तुमच्याकडे रूळ रस्त्यापेक्षा बरेच उंच दिसत असतील, डांबरावर खरवडल्याच्या खुणा असतील, तर त्यांचे फोटो काढून प्रकल्पाच्या बैठकीत दाखवा. त्या खुणा कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलतात.

पैशाचं म्हणाल तर दिवे-गेटांचा पूर्ण संच काही लाख डॉलरांत जातो. यातला मोठा वाटा सहसा ‘सेक्शन १३०’ या केंद्रीय निधीतून येतो. त्यासाठी सध्या वर्षाला २४.५ कोटी डॉलर राखून ठेवलेले आहेत आणि ते राज्यांमार्फत वाटले जातात. म्हणून पाठपुरावा करायचा तो राज्याच्या परिवहन खात्याकडे. नुसती रेल्वे कंपनीला पत्रं लिहून फार काही होत नाही.

काम संपल्यावर तुम्ही स्वतः एक गोष्ट करू शकता. रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून एका जलद आणि एका संथ गाडीसाठी, दिवा लागल्यापासून इंजिन रस्त्यावर येईपर्यंतची वेळ मोबाइलवर मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. थोडा फरक चालतो, स्टेशनात थांबलेली गाडी किंवा दोन रुळांवरून एकाच वेळी आलेल्या गाड्या असतील तर तो मोठाही असतो. पण एकटी मालगाडी पुन्हा पुन्हा दीड-दोन मिनिटं थांबवत असेल, किंवा कधीही २० सेकंदांच्या आत गाडी आली असेल, तर खांबावर किंवा केबिनवर लावलेली निळी पाटी शोधा. तिच्यावर फोन नंबर आणि सहा आकडे व एक अक्षर असा त्या क्रॉसिंगचा क्रमांक असतो. तो क्रमांक, तारीख, वेळ, गाडीची दिशा आणि मोजलेले सेकंद एवढं सांगा. ‘गेट नीट चालत नाही’ एवढ्यावर मेंटेनरला काही शोधता येत नाही. वेळ मिनिटापर्यंत बरोबर असेल तर तो नोंदीतून ती नेमकी गाडी काढू शकतो. वाहन रुळांवर बंद पडलं तरी फोन याच नंबरवर करायचा, पण आधी सगळ्यांना खाली उतरवा आणि रुळांपासून दूर न्या. गाडी येताना दिसत असेल तर रुळांपासून लांब होत, ती ज्या बाजूने येतेय त्याच बाजूला तिरकं चालत जा, कारण धडकेनंतर तुकडे पुढच्या दिशेला उडतात.